मदत हवी आहे: किट कारच्या स्टेअरिंगला प्ले, टाय रॉड एंड बदलूनही जात नाही

चेंबूरचा_चक्रधर

नमस्कार मंडळी. किट कार म्हणजे सुटे भाग जमवून स्वतः जोडलेली. गाडी लोटस सेव्हन या जुन्या हलक्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची, चौकोनी पाइपची चासी, वजन साधारण ६०० किलो. रॅक (स्टेअरिंग फिरवलं की आडवा सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) मारुती ८०० चा, मधला शाफ्ट दुसऱ्याच गाडीचा. स्टेअरिंगचा व्यास ३५० मिमी. रिमवर टेप लावून मोजलं तर ३० मिमी मोकळं फिरतं, मग टायर हलतात. ईस्टर्न फ्रीवेवर साठ-सत्तरला गाडी सारखी सावरावी लागते. दोन्ही टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे टोकाचे जोड) नवे टाकले, अलाइनमेंट केलं, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो रॅकचा ॲडजस्टर आवळू. आवळू द्यावा का?

पाना_बारा_तेरा

नको, निदान आत्ता तरी नको. त्या ॲडजस्टरने रॅक पिनियनवर, म्हणजे त्याला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर, दाबून धरला जातो. रॅकचे दात झिजतात ते मधल्या भागात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं, की टोकांना जिथे दात अजून कोरे आहेत तिथे रॅक जड होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. हे प्लेपेक्षा वाईट.

आधी जागा शोधा. टायर जमिनीवरच हवेत. जॅकवर घेतलं की ते विनाअडथळा फिरतात आणि प्ले लपतो. पांढऱ्या मार्करने प्रत्येक जोडावर रेघ ओढा: कॉलम, वरचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरणारा जोड), शाफ्ट, खालचा क्रॉस, पिनियन. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली बघायचं. दोन तुकड्यांवरची रेघ जिथे तुटते, तिथे दुखणं. रॅकची बॉडी आणि चासी यांच्या सांध्यावर बोट ठेवा, सरकत असेल तर डोळ्याआधी बोटाला कळतं. टाय रॉडचा आतला बॉल जॉइंट रबरी बुटावरून चिमटीत धरून बघा.

हे झाल्यावर जॅक लावा, टायर वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर हब बेअरिंग, नाही थांबली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन आर्मचे बुश.

चेंबूरचा_चक्रधर

केलं. खालच्या क्रॉसवर रेघ तुटते. शिवाय रॅकची बॉडी डाव्या क्लॅम्पपाशी सरकते, पण जेमतेम अर्धा मिमी. एवढ्याने काय होणार?

पाना_बारा_तेरा

बरंच होतं. समजा स्टेअरिंगच्या एका फेऱ्यात रॅक ४० मिमी सरकतो. मग अर्धा मिमी म्हणजे साडेचार अंश, आणि ३५० च्या रिमवर जवळपास १४ मिमी. तुमच्या तीसपैकी निम्मा प्ले इथेच निघाला. उरलेला त्या क्रॉसमध्ये. किट कारमध्ये कंपनीच्या पार्टपेक्षा आपण जोडलेल्या जागा जास्त सैल निघतात.

क्रॉस काढून पिनियनच्या दांड्यावरचे स्प्लाइन (उभे दाते) मोजा आणि क्रॉसच्या आतलेही मोजा. दुसऱ्या गाडीचा क्रॉस ‘जवळजवळ’ बसतो, तिथेच घात. आकडा जुळत असेल तर क्रॉस पूर्ण आत सरकवा; क्रॉसच्या क्लॅम्पचा बोल्ट पिनियनवरच्या खाचेतून आडवा गेला पाहिजे. बोल्ट आवळल्यावर क्लॅम्पची चीर थोडी तरी उघडी राहायला हवी. चीर आधीच मिटली असेल तर कितीही आवळा, पकड येणार नाही. स्प्लाइन गोल झाले असतील तर क्रॉस बदला, पिनियन झिजला असेल तर रॅकही. पिनियनवर वेल्डिंग मात्र कोणालाही करू देऊ नका. तो कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या कडेने तडा जाऊन अचानक तुटतो.

लेथ_आणि_ग्रीस

रॅकच्या क्लॅम्पबद्दल भर घालतो. बोल्ट चौकोनी पाइपमधून आरपार गेलाय का? आत स्लीव्ह नसेल तर आवळताना पाइपची भिंत दबते, दोन-चार खड्ड्यांत ताण उतरतो आणि बोल्ट पुन्हा सैल. भोक मोठं करून जाड भिंतीची नळी आरपार घाला, दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. त्या क्लॅम्पमधला रबरी बुश तेलाने फुगून मऊ झाला असेल तर लेथवाल्याकडून नायलॉनचा बनवून घ्या. क्लॅम्पमधल्या जागेपेक्षा दोन-तीन दशांश मिमी जास्त जाड ठेवा, म्हणजे क्लॅम्प त्याला खरोखर दाबतो. बोल्ट एम८, ग्रेड ८.८, नायलॉक नटासह, २२-२५ न्यूटन मीटर. नागदेवी स्ट्रीटला डोक्यावर ८.८ कोरलेलेच मागा. रॅक लागलाच तर ऑपेरा हाउसला नवा बघा, कुर्ल्याच्या भंगारातला मधे झिजलेलाच असायचा.

आणि टायरमध्ये हवा किती?

चेंबूरचा_चक्रधर

पंपावर भरतो. ३२.

लेथ_आणि_ग्रीस

६०० किलोच्या गाडीला ३२ म्हणजे दगड. थंड टायरमध्ये १८-२० पीएसआय ठेवा, पंपावरचा पोऱ्या हसला तरी. गाडीची निम्मी भटकंती तिथेच कमी होईल. पण क्रॉस आणि क्लॅम्प आधी, तोवर फ्रीवे बंद. काम झालं की टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) पुन्हा मोजा, रॅक जागेवरून हललेला असणार. बोल्टांवर रंगाची रेघ ओढा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.