सम्प केल्यापासून माशांच्या टाकीचा आवाज झोपू देत नाही

प्रश्न
चार फुटी टाकी आहे, आधी साधा हँगिंग फिल्टर होता तेव्हा काही त्रास नव्हता. महिन्यापूर्वी हौसेनं खाली कॅबिनेटमध्ये सम्प केला (फिल्टरची दुसरी टाकी, वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो). दिवसा जाणवत नाही पण रात्री सामसूम झाली की दोन आवाज सुरू, एक पाइपातली गुडगुड आणि मधेच दर दोनेक मिनिटांनी कुणी फ्लश ओढल्यासारखं घर्रर्र करून पाणी खाली जातं. दुसरा पंपाचा घूंऽऽ, तो कॅबिनेटच्या प्लायमधून येतो आणि दार लावलं की अजूनच घुमतो. पंपाखाली जुनी चप्पल कापून ठेवून बघितली (हसू नका), काडीचा फरक नाही. पंप बदलू का?

उत्तर १
पंप राहू द्या, आधी ड्रेन, म्हणजे पाणी खाली सम्पमध्ये उतरवणारा पाइप बघा. पाण्याबरोबर हवा खाली ओढली जाते ती गुडगुड. आणि फ्लश म्हणताय ते असं की पाइप पूर्ण भरला की सायफन लागतो, म्हणजे पाणी आपोआप खेचलं जातं, आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं (टाकीतून ओसंडलेलं पाणी जिथे जमतं) पाणी झपकन उतरतं, मग तोंड उघडं पडून हवा घुसते, सायफन तुटतो, पाणी परत चढायला लागतं, हेच रात्रभर चालू. पाइपाच्या वरच्या टोपीला भोक आहे का? असेल तर त्यात एअर ट्यूबचा छोटा व्हॉल्व्ह बसवा आणि जरा जरा फिरवत कान देऊन बघा. हवा कमी पडली तर फ्लशिंग, जास्त झाली तर सूंसूं. अजून एक, पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात किती बुडालंय? 2-3 सेंमी पुरे, खोल असेल तर आतली हवा बाहेर पडायला धडपडते.

उत्तर २
टाकीला ड्रेनची दोन भोकं असतील तर सरळ एका ड्रेनला गेट व्हॉल्व्ह लावा, पूर्ण सायफनवर चालवा, हवाच नाही तर आवाज कुठला. दुसरा पाइप थोडा उंच आणि मोकळा ठेवायचा, इमर्जन्सीसाठी. बॉल व्हॉल्व्ह नको, त्यात बारीक ॲडजस्टमेंट होत नाही. पण ड्रेन एकच असेल तर त्याला व्हॉल्व्ह अजिबात लावू नका, एखादी गोगलगाय जाऊन अडकली की पाणी फरशीवर. आणि हात पाण्यात घालायच्या आधी प्लग काढत जा.

उत्तर ३
चप्पल वाया गेली कारण थरथर खालून जातच नाहीये, पाइपातून जातेय. पंप चालू असताना वर जाणारा पाइप बाहेरच्या बाजूला मुठीत घट्ट धरा, आवाज बसला तर चोर तोच. पंप आणि कडक पीव्हीसीच्या मधे वीतभर सिलिकॉन नळी टाका आणि पाइप प्लायला कुठे टेकतोय तिथे स्पंज. पंप काचेला चिकटून नको. तरी घूंऽऽ राहिलाच तर इम्पेलर (पंपातलं फिरणारं पातं) काढून व्हिनेगर-पाणी अर्धं अर्धं करून त्यात भिजवा, क्षार निघतात, मग नीट धुवा. त्याचा सिरॅमिकचा दांडा सांभाळून, मी एक मोडलाय. सम्पमधलं पाणी कमी होऊन पंप हवा तर ओढत नाही ना तेही बघा, तेव्हा खरखर येते.

प्रश्नकर्ता
ड्रेन एकच आहे. खालचं टोक चांगलं 15 सेंमी बुडालेलं निघालं! करवतीनं कापलं, टोपीच्या भोकात व्हॉल्व्ह लावला, फ्लश बंद. गुडगुड थोडी आहे. पाइप मुठीत धरल्यावर घूंऽऽ खरंच निम्मा झाला, नळी उद्या आणतो. दाराला मागून फोम चिकटवला तर?

उत्तर ३
चिकटवा, पण कॅबिनेटची मागची बाजू मोकळी ठेवा, पंपाची गरमी कोंडते. आणि नळीला दोन्हीकडे क्लिप लावा, नुसती खोचून ठेवू नका.