मदत हवी आहे : खळाळत्या पाण्यात कयाकवर कॅमेरा कसा आणि कुठे लावायचा?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. पोहायला पंचगंगेच्या घाटावर शिकलो, दोन वर्षं झाली कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) चालवतोय. एरवी सराव संथ पाण्यात. खळाळतं पाणी हवं असेल तर रात्रीच निघून ताम्हिणीमार्गे कोलाड गाठायचं. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सोडलं की कुंडलिका अंगात आल्यासारखी धावते.

माझा रोल अजून पक्का नाही. उलटल्यावर कमरेच्या झटक्याने कयाक सरळ करायची हे संथ पाण्यात बहुतेक वेळा जमतं. लाटेत मात्र माझं डोकं आधी वर येतं आणि मी परत पाण्याखाली. हे मला स्वतःला कळत नाही, सोबतचे सांगतात. माझ्या ओळखीत इथे रोल शिकवणारं कोणी नाही. ज्यांच्याकडे शिकलो ते सर म्हणाले, व्हिडिओ पाठव, बघून सांगतो. त्यासाठी साठवलेल्या पैशांतून कॅमेरा घेतला.

पहिल्या खेपेला हेल्मेटवर लावला. घरी येऊन बघतो तर लाट अंगावर आली की काचेवर टपोरा थेंब, आणि उलटण्याचा नेमका क्षण त्या थेंबाआड. दुसऱ्या खेपेला मध्येच काठाला लागून बॅटरी बदलली. अर्ध्या तासात काच आतून धुरकटली. घरी दार उघडलं तर बॅटरीच्या खोबणीत दोन थेंब पाणी. खोक्यावर तर 10 मीटर खोलीपर्यंत चालतो असं छापलंय. लाटांचा मारा त्याहून जास्त असतो का? वरून वेगळी डबी घ्यावी का?

आणखी एक. दर आठवड्याला कोलाड परवडत नाही. पावसाच्या तोंडावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की तिथे पाण्याला चांगली ओढ असते. मित्राला काठावर उभं करून तिथेच चित्रण केलं तर?

प्रतिसाद 1

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण कॅमेरा पुन्हा घेता येईल. बंधाऱ्यावर कयाक घालू नका.

बंधारा म्हणजे खांबांची रांग. बरगे निघाले की अख्खी नदी त्या अरुंद गाळ्यांतून ओढली जाते. कयाक जरा आडवी झाली तर दोन खांबांना टेकते आणि मागचं पाणी तिला तिथेच दाबून धरतं. आतल्या माणसाला पाय काढता येत नाहीत. पाणी बंधाऱ्यावरून जायला लागलं की त्याहून वाईट. पलीकडे खाली कोसळलेलं पाणी वरच्या थरात उलटं बंधाऱ्याकडे फिरतं. लांबून ते गुळगुळीत दिसतं, पण त्यात अडकलेला ओंडका बाहेर पडत नाही, तिथल्या तिथे गरगरत राहतो. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाचंही तेच होतं. बंधाऱ्यापाशी 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी मोजतात ती पुराच्या हिशेबाने. कयाकवाल्याचा धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. शिवाय वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. खाली नदी कधी चढेल याचा अंदाज काठावरच्या मित्राला येणार नाही.

आता कॅमेरा. लाटेच्या माऱ्याने तो गेला नाही. ताशी 18 किलोमीटर वेगाने आलेलं पाणी काचेवर आदळलं तरी त्याचा दाब साधारण सव्वा मीटर खोलीइतकाच भरतो. 10 मीटरवाल्याला ते काहीच नाही. पाणी दारातून गेलं, तेही तुम्ही काठावर बॅटरी बदललीत तेव्हा. ओले हात, वाळू, दाराच्या रबरावर एखादा कण. तेवढी फट पुरते. बॅटरी आणि कार्ड आदल्या रात्री कोरड्या खोलीत घाला आणि परतेपर्यंत दार उघडू नका. धुरकटपणाही तिथलाच. काठावरची दमट गरम हवा आत कोंडली गेली आणि बाहेरून धरणाचं थंड पाणी लागलं की ती काचेवर जमणारच. कॅमेरा गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नका. हे सांभाळलंत तर वेगळी डबी लागणार नाही.

हेल्मेटवरून तुम्हाला फक्त वल्हं आणि नदी दिसेल, तुमची चूक दिसणार नाही. कॅमेरा कयाकच्या पुढच्या डेकवर, म्हणजे तुमच्या समोरच्या वरच्या भागावर, तोंड तुमच्याकडे करून लावा. म्हणजे खांदे, मान, कमरेचा झटका, सगळं येईल. पण पॉलिथिनच्या कयाकवर चिकटपट्टी नीट धरत नाही. जागा स्पिरिटने पुसा आणि चिकटवल्यावर पूर्ण 24 तास पाणी लावू नका. आखूड दोरीने डेकला बांधा, सोबत तरंगणारा फ्लोट लावा. दोरी मनगटात किंवा गळ्यात कधीच नको, आणि डेकवरही हात अडकेल एवढी लांब नको. स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसणारं, कयाकमध्ये पाणी येऊ न देणारं झाकण) ओढायची पट्टी मोकळी राहिली पाहिजे. पाण्याखाली आंधळेपणाने तिच्यापर्यंत हात जातो का, हे संथ पाण्यात करून बघा.

सेटिंगमध्ये क्षितिज सरळ ठेवणारी सोय बंद करा. दिसायला छान दिसतं, पण कयाक किती कलली तेच ती लपवते. तुमच्या सरांना नेमकं तेच बघायचंय.

प्रतिसाद 2

थेंबाचं सांगते. काच कोरडी ठेवायचा नाद सोडा. खळाळ सुरू होण्याआधी काच जिभेने चाटून ओली करा, पुसू नका. त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि थेंब धरत नाही. काच वाळली की परत करायचं. विचित्र वाटेल, पण मी प्रत्येक खळाळाआधी करते. टचस्क्रीनही लॉक करा, नाहीतर पाण्याचे थेंबच बटणं दाबतात.

आणि एक माणूस काठावर झूम घेऊन उभा करा. वरची सगळी धडपड करूनही माझी चूक मला पहिल्यांदा दिसली ती मैत्रिणीने काठावरून घेतलेल्या चित्रणात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बंधाऱ्याचा विचार सोडला. दोन वर्षं कयाक चालवतोय, पण खांबांचं आणि त्या उलट्या पाण्याचं मला कोणी असं सांगितलं नव्हतं. घाटावर माझ्यासोबत सराव करणाऱ्या दोन पोरांना आजच दाखवतो, त्यांच्याही डोक्यात तेच होतं.

दादा, तुमचं वाचून दाराचं रबर भिंग लावून बघितलं. एक केस आडवा चिकटला होता, बहुतेक माझाच. मऊ ब्रशने काढला. खोबण आता कोरडी आहे, कॅमेराही सुरू होतोय. दार दोन दिवस उघडंच ठेवलंय.

शनिवारी रात्री कोलाडला निघतोय. डेकवरची चिकटपट्टी गुरुवारीच लावून ठेवतो. कोल्हापुरातून कोणी येणार असेल तर गाडीत एक जागा आहे. कयाक यायलाच पाहिजे असं नाही, काठावरून चित्रण करणारं माणूस हवंय.