ग्रो लाइटचा ड्रायव्हर वॅट बघून घेऊ नका

मुलुंडकर
जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या गॅलऱ्यांत ऊन जवळपास येतच नाही, त्यामुळे घरी ग्रो लाइट, म्हणजे रोपांना उन्हाऐवजी उजेड देणारा एलईडी दिवा, बनवायचं अनेकांच्या मनात येतं. जरूर बनवा. पण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन "पन्नास वॅटची चिप आणि पन्नास वॅटचा ड्रायव्हर द्या" एवढंच मागू नका. (ड्रायव्हर म्हणजे एलईडी चिपेला वीज पुरवणारा डबा.) वॅट सगळ्यात शेवटी बघायचे. आधी करंट, मग व्होल्टची बेरीज.

एलईडीला व्होल्टेज जरासं जास्त दिलं की करंट एकदम उसळतो. त्यात चिप तापली की तिला लागणारं व्होल्टेज उतरतं. पुरवठा स्थिर व्होल्टेजचा असेल तर तापलेली चिप आणखी करंट खेचते आणि आणखी तापते. म्हणून कॉन्स्टंट करंट, म्हणजे स्थिर करंटचा, ड्रायव्हर लागतो. तो करंट धरून ठेवतो आणि व्होल्टेज चिपच्या मागणीप्रमाणे वरखाली करतो, पण अंगावर छापलेल्या मर्यादेतच.

गोची होते ती या मर्यादेपाशी. ड्रायव्हरवर मोठ्या अक्षरांत '८-१२ × ३ वॅट' असतं आणि खाली बारीक अक्षरांत '२४-४२ व्होल्ट, ६०० मिलीअँपिअर'. लोक वरची ओळ वाचून चिपा मोजतात. चिपा सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडायच्या, म्हणून व्होल्टची बेरीज होते. पांढरी चिप साधारण ३.२ व्होल्ट घेते, म्हणजे १० चिपांचे ३२. बसलं. पण ६६० नॅनोमीटरची गडद लाल चिप साधारण २.२ च घेते. दहाच्या दहा लाल लावल्या तर बेरीज २२, आणि ड्रायव्हरची खालची हद्द २४. दिवा लुकलुकत राहतो आणि शिव्या चिपला बसतात. त्याऐवजी ८ पांढऱ्या आणि ४ लाल घ्या: २५.६ अधिक ८.८, म्हणजे ३४.४ व्होल्ट. जवळपास मधोमध.

सीओबी, म्हणजे एकाच पाटीवर अनेक बारीक चिपा बसवलेली मोठी चिप, तिचंही तेच. ५० वॅटची साधी डीसी सीओबी म्हणजे बहुधा १० चिपांच्या ५ माळा, ३०-३६ व्होल्ट, १.५ अँपिअर. तिला मी मीनवेल कंपनीचा एलपीसी-३५-७०० हा ड्रायव्हर सुचवतो: ९ ते ४८ व्होल्ट, ७०० मिलीअँपिअर. चिप जेमतेम २१-२२ वॅटवर चालते, कमी तापते आणि दर वॅटमागे उजेड जास्त देते.

गिरगावचा_सोल्डर
गणित बरोबर, पण नवशिक्याच्या गळ्यात ते कशाला? २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा) आणि एलईडी पट्टी घ्या, काम झालं. पट्टीत दर काही चिपांमागे रेझिस्टर असतो, तोच करंटला आवर घालतो. हवी तेवढी कापा. एक तुकडा गेला तरी बाकीचे चालू राहतात. तुमच्या सिरीजमध्ये एक टाका सुटला की अख्खा दिवा बंद, मग बसा शोधत.

मुलुंडकर
पट्टी सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण रेझिस्टर किती खातो ते बघा. १२ व्होल्टच्या पट्टीत ३ चिपा सिरीजमध्ये असतात, साडेनऊ व्होल्ट कामी येतात, उरलेले अडीच नुसती उष्णता. म्हणजे विजेचा पाचवा हिस्सा वाया, आणि हा दिवा रोज १२-१४ तास चालणार. मायक्रोग्रीन्सच्या (कोवळ्या रोपांच्या) ट्रेला पट्टी चालेल. मिरचीला नाही.

परळचा_वायरमन
तुम्ही दोघंही लोकांना उगाच खर्चात पाडताय. थेट २३० व्होल्टवर चालणारी सीओबी मिळते, ड्रायव्हर लागतच नाही. सेकंदाला १०० वेळा लुकलुकते हे खरं, पण मेथीला त्याचं काय? तिला दिवसभरात एकूण उजेड मिळाल्याशी मतलब. हीटसिंकला (चिपेखालच्या, उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याला) अर्थिंग द्या आणि वापरा.

मुलुंडकर
इथे मात्र माझा ठाम विरोध. रोपाला फरक पडत नाही, पाणी घालणाऱ्याला पडतो. या चिपेत मेनपासून, म्हणजे घरच्या २३० व्होल्टपासून, आयसोलेशनच (विलगता) नसतं. वरचं सर्किट आणि खालची ॲल्युमिनियमची पाटी यांच्यामध्ये इन्सुलेशनचा एक पातळ थर, बस्स. स्क्रू तिरका बसून तो खरचटला की हीटसिंकला थेट करंट. आणि दिवा टांगायचा कुठे? ओल्या कुंड्यांवर, पावसाळी गॅलरीत, जिथे आई अनवाणी तांब्या घेऊन येते. जुन्या चाळींत कित्येक ठिकाणी अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या भोकापुरतंच असतं. चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), दोन्ही असल्याशिवाय ही चिप घरात आणूच नका. पैसे वाचवायचे तर चिपा कमी घ्या.

हिरवी_खिडकी_दादर
दादा, माझा आक्षेप त्याही आधीचा आहे. मेथी, कोथिंबीर, पालकाला २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते. ड्रायव्हर आतच, कारखान्यात जुळवलेला. पानांपासून वीतभर वर टांगायची. पांढऱ्या उजेडात निळा आणि लाल दोन्ही येतात. लाल-निळ्या चिपांच्या जांभळ्या दिव्याखाली तर पान पिवळं पडलंय की कीड लागलीय तेही कळत नाही. हौस म्हणून जरूर बनवा, भाजीसाठी हा खटाटोप लागत नाही.

मुलुंडकर
पालेभाजीपुरतं पटलं, ताई. पण मिरची-टोमॅटोला फळ धरायला तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त उजेड लागतो. तिथे ट्यूबांची रांग लावावी लागेल.

गिरगावचा_सोल्डर
मग दोन सीओबी पॅरललमध्ये (करंट वाटून घेतील अशा) जोडून १४०० मिलीअँपिअरचा एकच ड्रायव्हर का नको? सॅमसंगच्या एलएम३०१ चिपांचे तयार बोर्ड बघा, त्यात माळा पॅरललच असतात.

मुलुंडकर
त्या बोर्डावर सगळ्या चिपा एकसारख्या निवडलेल्या, एकाच ॲल्युमिनियमवर, जवळपास एकाच तापमानाला असतात. माळाही बऱ्याच, एक गेली तर बाकीच्यांवर थोडाथोडाच भार येतो. घरी दोन सीओबी दोन वेगळ्या हीटसिंकवर बसतात. एकीखाली थर्मल पेस्ट (चिपेची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) नीट पसरली नाही की ती जास्त तापते, तिचं व्होल्टेज उतरतं आणि करंटचा मोठा वाटा तीच ओढते. एक बंद पडली तर सगळे १४०० दुसरीवर. चिप ते सोसेल, कारण ती १.५ अँपिअरची आहे. पण हीटसिंक आपण २० वॅट धरून घेतलेला असतो, त्यावर ४५ वॅट येतात. सिरीजमध्ये जोडाव्यात तर व्होल्टेज ६० च्या वर जातं, आणि त्या डीसीला उघड्या टाक्यावर हात लागणं बरं नाही. म्हणून प्रत्येकीला स्वतःचा छोटा ड्रायव्हर.

शिवाय ड्रायव्हर चालू असताना चिप कधीही जोडू नका. मोकळ्या ड्रायव्हरचा कपॅसिटर वरच्या व्होल्टेजला भरून बसलेला असतो, वायर टेकताच सगळा चिपेत रिकामा होतो. आधी चिप, मग स्विच.

गिरगावचा_सोल्डर
दोन ड्रायव्हर म्हणजे दुप्पट खर्च. मी एकच जाड, मोठा हीटसिंक घेईन आणि दोन्ही सीओबी त्यावर शेजारी-शेजारी बसवीन. मग तापमानाचा मुद्दा उरतो कुठे?

मुलुंडकर
तसं केलंत तर माझी निम्मी हरकत मिटली. पण दोन्ही चिपा एकाच खोक्यातल्या घ्या. दिवा पूर्ण तापू द्या, बंद करा, एकीच्या वायरीत मीटर सिरीजमध्ये घाला आणि पुन्हा लावून करंट बघा. मग तेच दुसरीचं. दोन्ही आकडे इथे टाका.