मदत हवी आहे: न्यू जर्सीत गाडीच्या विम्याचा हप्ता कमी करताना नेमके काय कमी करावे?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्टहून न्यू जर्सीतील एडिसनला राहायला जात आहोत. तेथे गेल्यावर ६० दिवसांच्या आत लायसन्स आणि दोन्ही गाड्यांची नोंदणी बदलून घ्यावी लागते व त्यासाठी न्यू जर्सीचाच विमा लागतो, म्हणून सध्या विमा कंपन्यांकडून हप्त्याचे अंदाज (कोट) मागवत आहे. आलेले आकडे येथल्या हप्त्यापेक्षा बरेच जास्त आहेत. दोन्ही राज्यांचे नियम मुळातच वेगळे असल्यामुळे कोणती काटकसर चालेल आणि कोणती पुढे अंगाशी येईल, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

कॅलिफोर्नियात २०२५ पासून किमान लायबिलिटी, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या भरपाईचे संरक्षण, एका जखमी व्यक्तीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० अशी आहे. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड पॉलिसीत १ जानेवारी २०२६ पासून हेच आकडे ३५,०००, ७०,००० आणि २५,००० झाले आहेत. तेथे याहून स्वस्त अशी 'बेसिक' पॉलिसीही मिळते, पण तिच्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी जेमतेम ५,००० डॉलर असतात आणि दुसऱ्याला झालेल्या इजेचे संरक्षण मुळात नसतेच, ते १०,००० डॉलरपर्यंत वेगळे मागून घ्यावे लागते. तो विचार आम्ही सोडून दिला आहे.

स्टँडर्ड पॉलिसीतही किमान मर्यादेवर थांबावे असे मला वाटत नाही. आपली चूक ठरली आणि समोरच्याचे नुकसान मर्यादेपलीकडे गेले, तर घरासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांवर गदा येऊ शकते. शिवाय विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या चालकाने आपल्याला धडक दिली, तर त्यासाठीचे आपले संरक्षण आपण घेतलेल्या लायबिलिटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणजे लायबिलिटी कमी घेतली की आपले स्वतःचे कवचही तेवढेच आखूड होते. त्यामुळे १ लाख, ३ लाख आणि १ लाख या मर्यादा घ्यायच्या, हे जवळपास ठरले आहे.

खरा पेच पीआयपीचा, म्हणजे स्वतःच्या वैद्यकीय खर्चाच्या संरक्षणाचा आहे. कॅलिफोर्नियात ही सक्ती नसल्याने आम्हाला त्याचा अनुभव नाही. न्यू जर्सीत चूक कोणाचीही असली तरी आपला उपचाराचा खर्च आधी आपल्याच पॉलिसीतून होतो. ही मर्यादा २,५०,००० डॉलरपासून १५,००० पर्यंत खाली आणता येते. नोकरीतून मिळालेला आरोग्य विमा पहिला आणि गाडीचा विमा दुसरा, असा क्रम निवडला तरीही हप्ता उतरतो. एजंट हाच क्रम सुचवत आहे. परंतु आमचा आरोग्य विमा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून आहे आणि नवरा नोकरीशी जोडलेल्या एच-१बी व्हिसावर आहे. नोकरी गेली आणि त्याच काळात अपघात झाला तर काय होते? कोणी हा क्रम निवडून प्रत्यक्षात क्लेम केला असेल, तर दोन कंपन्यांमध्ये बिले अडकतात का, हे कृपया सविस्तर लिहावे.

कव्हरेज निवडण्याच्या फॉर्मवर न्यायालयात दावा दाखल करण्याच्या हक्काच्या दोन चौकटी आहेत, मर्यादित आणि अमर्याद. मर्यादित हक्क घेतला तर हप्ता बराच कमी होतो, पण वेदना आणि मनस्तापाची भरपाई मृत्यू, अवयव गमावणे, कायमची इजा, हाड तुटून जागचे सरकणे अशा मोजक्याच प्रसंगी मागता येते. कोणतीच चौकट भरली नाही तर मर्यादित हक्कच लागू होतो आणि तो घरातील मुलांनाही लागू पडतो. आमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणून येथे पैसे वाचवायला मन धजावत नाही. तुम्ही यातले काय निवडले आणि का?

बाकीचे सोपे आहे. २०१२ च्या कोरोलाचे कोलिजन, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीला झालेल्या नुकसानीचे संरक्षण, काढून टाकणार आहोत. दुसऱ्या गाडीवर कर्ज असल्याने तिचे ठेवावेच लागेल, फक्त डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा, ५०० वरून १,००० डॉलर करू. सुरक्षित वाहनचालनाचा मान्यताप्राप्त कोर्स केला की तीन वर्षे सवलत मिळते, तोही दोघे करू. कॅलिफोर्नियात हप्ता ठरवताना क्रेडिट स्कोअर पाहता येत नाही, न्यू जर्सीत मात्र पाहतात आणि आमचा क्रेडिटचा इतिहास अजून छोटा आहे. अशा वेळी आधीच्या कंपनीकडून अखंड विम्याचे पत्र आणल्याने कोणाचा हप्ता खरोखर कमी झाला आहे का?

उन्हाळ्यात सासूसासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. ते गाडी चालवणार नाहीत, पण आमच्या गाडीतून फिरतील. त्यांच्या बाबतीत आमच्या पीआयपीचा आणि त्यांच्या प्रवास विम्याचा मेळ कसा बसतो, हेही कोणी सांगू शकेल का?