थंडीतला वास

डिसेंबर-जानेवारीत दारात सुगंध हवा म्हणून कुणी मोगरा सुचवतं, पण मोगरा उन्हाळ्याचा. त्याला आता पाणी कमी द्या, जानेवारीअखेर छाटा, मग उन्हाळ्यात बघा. या दिवसांसाठी कुंद बरा. गोव्यातल्या बेताच्या थंडीतही पांढराशुभ्र फुलतो. वास मोगऱ्याइतका दणदणीत नाही, हे खरं. शेजारी कुंडीत मरवा ठेवाच. अबोलीला वास नसतो, तिच्या वळेसरात (गजऱ्यात) मरव्याच्या दोन काड्या ओवल्या की काम होतं. पावसाळ्यात मात्र त्याला छपराखाली घ्या, मुळं कुजतात. सुरंगी थंडी सरता सरता फुलते, वास वेड लावणारा. पण ते मोठं झाड, परसू (घरामागची मोकळी जागा) असेल तरच. रातराणी खिडकीखाली नको, अनेकांचं डोकं चढतं.