शब्दचर्चा : ‘हक्कसोड’, ‘हक त्याग’, ‘सहमति’, ‘नामांतरण’

प्रश्न · इंदूर, रामबाग

वडील गेल्यावर घर आणि शेत वारसांच्या नावावर करायचं म्हटलं की इंदूरच्या मराठी घरांत चार शब्द एकदम कानांवर पडतात. पुण्याकडचे नातेवाईक ‘हक्कसोड करून घ्या’ म्हणतात. अर्जनवीस ‘हक त्याग विलेख’ म्हणतो. पटवारी म्हणतो, बहिणींची ‘सहमति’ आणा, ‘नामांतरण’ होऊन जाईल. बडोद्याचे काका ‘हक कमी’ म्हणतात. बहिणी सही करतात ती एकाच गोष्टीवर की वेगवेगळ्या? मराठीत समजेल असा अर्थ कोणी सांगेल का?

उत्तर · इंदूर, दिवाणी वकिली

ताई, ‘हक्कसोडपत्र’ आणि ‘हक त्याग विलेख’ हा एकच दस्त. पहिला शब्द महाराष्ट्रातला, दुसरा आपल्या मोती तबेल्याच्या कचेरीतला. ‘सहमति’ हा असा दस्त नाही. आणि ‘नामांतरण’ ही सरकारी दप्तरातली नोंद, बाकी काही नाही.

आधी क्रियापदाकडे पाहा. ‘देणे’ म्हटलं की कोणाला दिलं ते सांगावं लागतं. ‘सोडणे’ला घेणारा लागत नाही. हक्कसोडीचं कायद्यातलं मूळ रूपही असंच आहे : एक सहहिस्सेदार आपला हिस्सा सोडतो आणि तो उरलेल्यांच्या हिश्शांत मिसळतो. म्हणजे ज्याच्या लाभात सोडायचं त्याचा त्या मालमत्तेत आधीपासून हिस्सा हवा. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरातला हिस्सा बहीण भावाच्या लाभात सोडू शकते. भाऊ हयात असताना त्याच्या मुलाच्या लाभात सोडू शकत नाही, कारण त्या भाच्याचा घरात हिस्साच नाही. तिथे बक्षीसपत्र लागतं.

मग वर ‘हक त्याग’ लिहून आत भाच्याचं नाव घातलं तर? कुप्पुस्वामी चेट्टियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितलं की दस्ताचं शीर्षक निर्णायक नसतं. आतल्या शब्दांवरून मालकी देण्याचा हेतू दिसला, तर तोच दस्त बक्षीस म्हणून टिकू शकतो. पण मग बक्षिसाच्या अटी लागू होतात : नोंदणी, दोन साक्षीदार, आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने केलेला स्वीकार. शिवाय मुद्रांक शुल्क बक्षिसाचं. कमी भरलेलं असेल तर दस्त तिथेच अडतो.

इथे भाषेचा एक अडथळा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मध्य प्रदेशात बक्षीसपत्राला ‘दान पत्र’ म्हणतात. मराठी कानाला दान म्हणजे देवाला, गरजूला दिलेलं. ‘भावाला दान’ हे शब्द घरात कोणालाच आवडत नाहीत, म्हणून जिथे दान पत्रच योग्य तिथेही लोक ‘हक त्याग लिहा’ म्हणून आग्रह धरतात. शब्द कानाला कसा लागतो यावर दस्त निवडू नका. घेणारा हिस्सेदार आहे की नाही, एवढं पाहा.

आता ‘सहमति’. ते नोटरीच्या शिक्क्याचं शपथपत्र असतं : ‘मला हिस्सा नको, भावांची नावं लावण्यास हरकत नाही.’ १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क संपवणारा लेख १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोंदला नाही तर कलम ४९ मुळे हक्क गेल्याचा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. म्हणजे सहमतीने दप्तरात भावांची नावं लागतात, पण बहिणीचा हिस्सा बहिणीकडेच राहतो. हे कळतं ते घर विकताना, बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो तेव्हा. तोवर बहीण गेलेली असली तर तिच्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या सह्या लागतात, आणि मूल अल्पवयीन असेल तर कोर्टाची परवानगी. दोन्ही बाजूंनी हे वाईट. बहिणीला वाटतं आपलं सगळं गेलं, भावाला वाटतं आपलं सगळं झालं, आणि दोघांचाही समज चुकीचा असतो.

भर · इंदूर, भाषांतराचं काम

‘नामांतरण’ मराठी वाचकाला फसवतं. मराठीत ‘नामांतर’ म्हणजे नाव बदलणं. मराठवाडा विद्यापीठाचं १९९४ साली झालं ते. हिंदीतलं महसुली नामांतरण म्हणजे एकाचं नाव काढून दुसऱ्याचं लावणं, ज्याला महाराष्ट्रात ‘फेरफार’ म्हणतात. ‘फेरफार’ इथे वापरावा तर हिंदी कानाला त्यात ‘हेरफेर’ ऐकू येतं. माझं मत : मालव्यात मराठी बोलतानाही ‘नामांतरण’च म्हणावं, कारण कचेरीत तोच शब्द कामाला येतो. पण समजावून सांगताना ‘नाव लावणं’ म्हणावं. ‘नाव लागलं’ या मराठी वाक्प्रयोगात मालकीचा दावा नाही, फक्त नाव चिकटलं एवढंच आहे, आणि कायद्याचं म्हणणंही तेवढंच आहे.

दुसरा फसवा शब्द ‘पावती’. मालव्यात शेतकरी ‘पावती’ म्हणतो ती भू-अधिकार ऋण पुस्तिका. ‘जमिनीची पावती भावाकडे आहे’ हे ऐकून महाराष्ट्रातली बहीण पैसे भरल्याची चिठ्ठी समजते आणि सोडून देते. तशीच मोजणी म्हणजे ‘सीमांकन’, खरेदीखत म्हणजे ‘विक्रय पत्र’, बिनशेती म्हणजे ‘डायवर्सन’.

उत्तर · बडोदे, दस्तलेखन

बडोद्याकडचं सांगतो. ‘हक कमी’ म्हणजे महसुली दप्तरातून एका वारसाचं नाव कमी करणं. ‘वारसाई’ म्हणजे मयताच्या जागी सगळ्या वारसांची नावं चढवणं. क्रम असा : तलाठ्यापुढे पेढीनामा म्हणजे वंशावळ, मग वारसाईची नोंद, आणि त्यानंतर ज्याला काढून घ्यायचं त्याची हक कमीची नोंद. नोंद आधी गाव नमुना ६ मध्ये कच्ची पडते, गुजरातच्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १३५-ड ची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना जाते, हरकतीला ३० दिवस असतात, मग ती प्रमाणित होते. नोटीस बहिणीच्या माहेरच्या जुन्या पत्त्यावर गेली तर तिच्या हाती पडत नाही. म्हणून पेढीनाम्यात विवाहित मुलीचा सासरचा पत्ता आणि आताचं आडनाव लिहून घ्या. ‘हक कमी’ या शब्दात ‘हक’ असला तरी नोंद ही नोंदच. तिच्यामागे कोणता दस्त आहे ते पाहिल्याशिवाय हिस्सा गेला असं धरू नका.

आमच्याकडे ‘दान’ची अडचण नाही, गुजरातीत ‘बक्षिस लेख’ म्हणतात.

उत्तर · ग्वाल्हेर, महसुली कामाचे जाणकार

मध्य प्रदेशातला शब्द ‘फौती नामांतरण’. फौत म्हणजे मृत. जुन्या मराठी महसुली कागदांतही ‘फौत झाला’ येतं, तेव्हा हा आपल्याला परका नाही. अर्ज तहसीलदाराकडे, मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १०९ आणि ११० खाली. सोबत मृत्यू दाखला, खसरा आणि बी-१ (जमिनीच्या नोंदीचे उतारे) यांची नक्कल, आणि वारसांचा ‘सजरा’ म्हणजे वंशावळ. मग ‘इश्तहार’ निघतो, म्हणजे हरकतींसाठीचं जाहीर प्रकटन. वाद नसेल तर ३० दिवसांत आदेश, वाद असेल तर ५ महिन्यांत. शहरातल्या घराचं नामांतरण नगर निगमाकडे, ते वेगळं प्रकरण.

चूक सजऱ्यातच होते. विवाहित मुलींची नावं गाळली जातात, पंच सह्या करतात, इश्तहार कोणी वाचत नाही. तरीही मुलीचा हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी प्रकरणात आणि पुन्हा २०२१ मध्ये, मध्य प्रदेशातूनच आलेल्या जितेंद्र सिंह प्रकरणात सांगितलं आहे की नामांतरणाची नोंद महसूल वसुलीपुरती असते, तिने मालकी येत नाही आणि जातही नाही. इश्तहाराच्या मुदतीत हरकत घ्यावी, मुदत गेली तर अनुविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट.

योग्य क्रम : आधी सर्व वारसांच्या नावाने फौती नामांतरण, नंतर ज्यांना सोडायचं आहे त्यांचा नोंदणीकृत हक त्याग, आणि त्या दस्तावर दुसरं नामांतरण. दोन पायऱ्या एकत्र करून वेळ वाचवायला गेलात की वर वकीलसाहेबांनी सांगितलेली अडचण उभी राहते.

प्रश्न · इंदूर, रामबाग

हक त्यागाच्या मसुद्यात ‘समस्त चल-अचल संपत्ति में अपना संपूर्ण हक सदैव के लिए’ असं आहे. याने आईच्या हिश्शावरचा हक्कही जातो का?

उत्तर · इंदूर, दिवाणी वकिली

नाही, आणि हे आकड्यांत पाहिलं तर स्पष्ट होतं. वडिलांचं स्वकष्टार्जित घर, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाला १/५. दोन्ही बहिणींनी कोणाचंही नाव न घालता हिस्सा सोडला तर तो आई आणि दोन्ही भावांत मिसळतो, प्रत्येकी १/३. दोन्ही भावांच्याच नावे सोडला तर भाऊ २/५ आणि २/५, आई १/५. एकाच भावाच्या नावे सोडला तर त्याचे ३/५, बाकी दोघांचे १/५ च. हे शेवटचं रूप ‘सोडणं’ कमी आणि ‘देणं’ जास्त, म्हणून उपनिबंधक त्याकडे बक्षीस म्हणून पाहू शकतो.

पुढे आई मृत्युपत्र न करता गेली तर तिचा हिस्सा पुन्हा चारही मुलांना सारखा. तिचा १/३ असेल तर प्रत्येक बहिणीला १/१२. बहिणीने सोडला तो वडिलांकडून आलेला हिस्सा. आईकडून पुढे मिळू शकेल अशी नुसती आशा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे हस्तांतरित करता येत नाही. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घराबद्दल मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीचंही तेच. मात्र तिने त्या बदल्यात पैसे घेतले असतील, तर नंतर उलटायला कोर्ट तिला अडवू शकतं.

‘समस्त’ मात्र काढाच. त्या एका शब्दात ज्याची चर्चाच झाली नाही ते शेत, बँकेतली ठेव, सगळं ओढलं जातं. फक्त परिशिष्टातली मालमत्ता लिहा : खसरा नंबर, रकबा म्हणजे क्षेत्रफळ, चतुःसीमा, आणि आपला हिस्सा अपूर्णांकात. बहीण पुण्याला राहत असेल आणि येऊ शकत नसेल तर ‘आम’ म्हणजे कुलमुखत्यारपत्र देऊ नये. याच मालमत्तेपुरतं, याच दस्तापुरतं ‘खास’ मुखत्यारपत्र द्यावं.

‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द असले म्हणजे दबाव नव्हता असं सिद्ध होत नाही. फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल तर दस्त रद्द करण्याचा दावा, ते कळल्यापासून ३ वर्षांत लावायचा असतो. बहिणींना हे सहसा कोणी सांगत नाही.

भर · इंदूर, भाषांतराचं काम

‘वडिलोपार्जित’वरही दोन ओळी हव्यात. बोलण्यात वडिलांकडून आलेलं ते सगळं वडिलोपार्जित. कायद्यात तसं नाही ना?

उत्तर · इंदूर, दिवाणी वकिली

नाही. शब्द फोडला तर वडिलांनी उपार्जिलेलं असाच अर्थ निघतो, आणि नेमकं तेच कायद्याच्या भाषेत स्वकष्टार्जित असतं! वडिलांनी कमावलेलं घर १९५६ नंतर वारसाने मुलाकडे आलं तर ते त्याचं स्वतंत्र, सहदायकीचं (जन्मतःच हक्क असलेल्या एकत्र कुटुंबाचं) नव्हे. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हे पक्कं आहे. सहदायकी मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ठरलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. मसुद्यात ‘पैतृक’ म्हणजे वडिलोपार्जित लिहिण्याआधी अर्जनवीसाला विचारा : कोणी, केव्हा, कशी घेतलेली? चुकीच्या विशेषणाने हिश्शाचा अपूर्णांकच बदलतो.

भर · बडोदे, दस्तलेखन

जुन्या मराठी कागदांत ‘चोळीबांगडीसाठी’ जमीन दिल्याचं येतं. शब्द किरकोळ खर्चाचा वाटतो, म्हणून वारस ती जमीन हिशोबातच धरत नाहीत. विधवेला तिच्या पोटगीच्या हक्कापोटी ती दिलेली असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४(१) आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा तुलसम्मा निकाल यांप्रमाणे ती तिच्या पूर्ण मालकीची झालेली असू शकते. तसा कागद हाती आला तर वाटणीपूर्वी वकिलाला दाखवा.

प्रश्न · इंदूर, रामबाग

शेवटचं. भावंडांत तोंडी वाटणी होऊन गेली आहे. तिची नुसती ‘याद’ लिहून ठेवली तर नोंदणी लागेल का?

उत्तर · इंदूर, दिवाणी वकिली

इथे सगळं क्रियापदाच्या काळावर आहे. १९७६ च्या काले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आधीच झालेल्या कौटुंबिक व्यवस्थेची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही. कागदानेच हक्क निर्माण होत असेल तर लागते. तुमच्या मसुद्यात ‘इस लेख द्वारा बंटवारा करते हैं’ असं असेल, तर तो वर्तमानकाळ आहे, त्याला नोंदणी लागेल. वाटणी खरोखर आधी झाली असेल आणि जो तो आपल्या हिश्शाचा ताबा घेऊन असेल, तरच असं लिहा : ‘अमुक तारखेला आम्हा भावंडांत तोंडी वाटणी झाली, त्याप्रमाणे जो तो आपापल्या हिश्शावर काबीज आहे, त्याची ही याद.’ झाली नसेल तर वाटणीपत्र करून उपनिबंधकाकडे चार महिन्यांच्या आत घेऊन जा.