खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी: दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

तिसवाडीकर

आमच्या शेजाऱ्यांची सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक गेल्या उधाणात बुडाली. इथे गोव्यात, खाजनालगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतालगतच्या) रस्त्यावर उभी होती. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराच्या, फळ्या कुजलेल्या, भरती आणि पाऊस एकदम आले, सकाळी पाहतात तर पाणी सीटपर्यंत. विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या हिशेबाने दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर जातोय, म्हणजे टोटल लॉस. आता एक मेकॅनिक त्यांच्या मागे लागलाय: सॅल्व्हेजची (बुडालेल्या गाडीच्या भंगाराची) किंमत वजा करून क्लेम घ्या, गाडी ठेवा, मी चालू करून देतो, गणेश चवथीपर्यंत गिऱ्हाईकही आणतो.

माझ्या मते अशा गाड्या मोडीतच जायला हव्यात. पाणी वाळतं, मीठ आतच राहतं आणि आपल्या हवेतला दमटपणा ओढत राहतं. वायरीच्या तांब्याच्या धाग्यांतून ते इन्सुलेशनच्या आत चढतं. बाहेरून वायर नवीकोरी, कापली की आत हिरवी. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत हँडब्रेकजवळ, कन्सोलच्या खाली असतं. सीट भिजली म्हणजे ते बुडालंच. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं म्हणून खूश होणाऱ्यांनी सांगावं, वर्षभराने धडक झाली तर एअरबॅग उघडेल याची हमी कोण देणार? आणि आपल्याकडे आरसीवर बुडीत गाडीचा शिक्का नसतो. धुतलेली गाडी बेळगाव-हुबळीला गेली की संपलं.

गॅरेज_म्हापसा

तिसवाडीकरबाब, बुडाली म्हणजे किती, कधी आणि कसल्या पाण्यात, हे न विचारता तुम्ही फाशी देऊन मोकळे झालात.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. पण जुलै-ऑगस्टात घाटातून एवढं पाणी मांडवीत येतं की वरचा थर जवळजवळ गोडा होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हाचं खाडीचं पाणी वेगळं आणि श्रावणातल्या उधाणाचं वेगळं. पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर काही महाग नाही. डिकीत साचलेल्या पाण्यात बुडवा आणि मग बोला.

दुसरं, निम्मी नासाडी पाणी करत नाही, मालक करतो. बॅटरी जोडलेली असताना खारं पाणी कनेक्टरवर असेल तर पिना तासांत खाल्ल्या जातात. म्हणून पहिलं काम निगेटिव्ह टर्मिनल काढणं. चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करायची, त्याच दिवशी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायची. हो, आतूनसुद्धा! लोक घाबरतात, पण भिजलेली गाडी पुन्हा भिजवल्याने काही बिघडत नाही, मीठ वाळल्याने बिघडतं. विहीर किनाऱ्याजवळची असेल तर तिचंही पाणी आधी तपासा. मग सीटा, कार्पेट, खालचा फोम बाहेर. फोम फेकायचा, तो कधीच वाळत नाही. प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं. ऑइल दुधाळ चहासारखं निघालं तर एकदा बदलून भागत नाही. गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट सगळं नवं. प्रत्येक कनेक्टर उघडून धुवायचा. एवढं कोणी केलं तर गाडी चालते. करत नाहीत, हे खरं.

कोरगुट

गॅरेजवाल्यांशी सहमत. खाजनात खारं पाणी शिरूनही पुढच्या पावसाळ्यात भात पिकतंच ना? पाऊस मीठ धुऊन नेतो म्हणूनच.

तिसवाडीकर

@कोरगुट शेतावर महिनोन् महिने पाऊस पडतो. गाडीला मिळतो अर्ध्या तासाचा पाइप. दाराखालच्या सिलमधल्या, छताच्या खांबांतल्या बंद पोकळ्यांत तो पोचतो तरी का?

@गॅरेज_म्हापसा मीटरचा मुद्दा मान्य. पण शेजाऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टो झाली आणि त्याआधी त्यांच्या मुलाने दोनदा सेल्फ मारला होता.

गॅरेज_म्हापसा

मग ती गाडी मीही घेणार नाही.

क्लेमचं_काम

मुलाने सेल्फ मारला हे क्लेममध्येही आडवं येईल. पाण्यात बुडणं पॉलिसीत बसतं. त्यानंतर इंजिन फिरवून केलेली मोडतोड कंपन्या परिणामजन्य नुकसान म्हणून नाकारतात, इंजिन प्रोटेक्टचं कव्हर नसेल तर विशेष. आणि गाडी खरोखर कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर वाहतूक खात्याला कळवून आरसी जमा करायची असते. हे किती जण करतात ते विचारू नका. आरसी जिवंत राहिली की भंगाराला गाडीचा भाव येतो.

थर्डपार्टीवाली

तुमची सगळी चर्चा फुल इन्शुरन्सवाल्यांची चाललीय. माझी गाडी बारा वर्षांची, विमा फक्त थर्ड पार्टी. ती बुडाली तर मला दमडी मिळणार नाही. मोडीत काढा म्हणणं सोपं आहे, उद्या सकाळी मडगावला कामावर कशी जाऊ? एअरबॅग माझ्या गाडीत मुळातच नाहीत. मी दुरुस्तच करणार आणि मीच चालवणार. यात कोणाची फसवणूक?

तिसवाडीकर

ताई, कोणाचीच नाही. माझा विरोध विकण्याला आहे. तुम्ही फक्त ब्रेक आणि वायरिंगवर कंजूषी करू नका.

मोरजीचा_वैतागलेला

आणि भाड्याची गाडी थेट वाळूवर घालणारे? भरती आली की चाकं रुततात, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ते तर शंभर टक्के समुद्राचं पाणी, पावसाची सबब नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुसून पुढच्या पाहुण्याला.

गॅरेज_म्हापसा

त्या गाड्यांबद्दल मी तिसवाडीकरबाबांच्या बाजूने.

क्लेमचं_काम

इलेक्ट्रिक गाडी असेल तर वादच नको. २०१२ साली सँडी वादळात अमेरिकेत नेवार्क बंदरावर उभ्या फिस्कर कर्मा जातीच्या १६ प्लग-इन (चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड) गाड्या खाऱ्या पाण्यात बुडून नंतर जळाल्या. कंपनीने कारण दिलं ते मोठ्या बॅटरीचं नव्हतं. १२ व्होल्टवर चालणाऱ्या एका कंट्रोल युनिटमध्ये मिठाने शॉर्ट सर्किट झालं होतं. बारा व्होल्ट तर प्रत्येक पेट्रोल गाडीतही असतात. बुडालेली गाडी घराला चिकटून उभी करू नका, बॅटरी काढलेली नसेल तर मुळीच नको.

कोरगुट

मग शेजाऱ्यांनी करायचं काय?

गॅरेज_म्हापसा

क्लेम घेऊन सॅल्व्हेज कंपनीलाच द्यावं. ठेवायचंच असेल तर सुटे भाग विकावेत: दारं, काचा, बंपर, बॉनेट, चाकांच्या रिम. सीटबेल्ट, एअरबॅग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), अल्टरनेटर कोणाला देऊ नयेत, फुकटसुद्धा.

तिसवाडीकर

आणि तो मेकॅनिक अख्खी विकायचीच म्हणाला तर सर्व्हेअरचा रिपोर्ट गिऱ्हाईकाच्या हातात ठेवून विकावी.

गॅरेज_म्हापसा

ठेवला तरी घेणारे निघतात. खडीच्या क्वारीवर आतल्या आत फिरवायला लोक अशा गाड्या उचलतात, आणि भाव बरोबर पाडून घेतात. रिपोर्ट लपवला की तीच गाडी दुप्पट भावाने एखाद्या कॉलेजच्या पोराच्या गळ्यात जाते. त्या मेकॅनिकला एवढंच विचारा, रिपोर्ट दाखवून विकणार का. नाही म्हणाला तर चावी देऊ नका.